बाबांचे पाय, वर्षभर

पायांबद्दल लिहायला बसलोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. कॉमर्सचा विद्यार्थी आहे. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर दोन पानं सलग लिहिणारा मीच पहिला, त्यामुळे कुठे चुकतंय हे सांगणारंही घरात कोणी नाही. शिवाय पाय हा काय लिहायचा विषय, असं मलाही वाटतं. लोक पाया पडतात, पाय धुतात, दमले की चेपून घेतात, पण त्यांच्याकडे नीट बघत कोणी नाही. मी वर्षभर बघत होतो. बघण्यापलीकडे माझ्याच्याने फार काही झालं नाही. तेवढंच लिहितो.

आम्ही चारकोपला राहतो, सेक्टरमधल्या बैठ्या खोलीत. आजोबा गिरणीत मागावर होते. बाबा कांदिवलीतल्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत. गेटशेजारी केबिन आहे आणि केबिनमध्ये खुर्चीही आहे, पण खुर्चीत बसलेला वॉचमन मेंबर लोकांना आवडत नाही. म्हणजे आमच्याकडे दोन पिढ्या उभ्यानेच कमावलं. संध्याकाळी बाबा घरी येऊन मोजे काढायचे तेव्हा घोट्यांच्या वर मोज्याच्या रबराची खोल खाच उमटलेली असायची, आणि खाचेखाली घोटे असे सुजलेले की हाड कुठलं ते दिसू नये. आई तिथे बोट दाबायची. बोट काढल्यावर खळगा तसाच राहायचा. मी लहान असताना तो मला खेळ वाटायचा, मीही दाबून बघायचो.

बाबांचं माझ्याबद्दल एकच मागणं होतं. "झिला, तू बसान कमव." माझे आईबाबा घरात मालवणी बोलतात. मी त्यांना उत्तर मुंबईच्या मराठीत देतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

बारावीनंतर मला कॉलेजला प्रवेश मिळाला, तेव्हा बाबा मला घेऊन नाक्यावरच्या देवीच्या देवळात गेले. पेढे ठेवले, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. बाहेर आल्यावर आईला सांगितलं, "झील कॉलेजात आसा तवसर नवरात्र अनवाणी." म्हणजे मी कॉलेजात असेपर्यंत दर नवरात्रात बाबांनी पायात काही घालायचं नाही. आई म्हणाली, "बरा केलात." मलाही बरंच वाटलं. आमच्याकडे यात विशेष काही नाही. नवरात्रात आमच्या उपनगरात बँकेतले कारकून टाय लावून अनवाणी जातात. खाण्याची पार्सलं पोचवणारी मुलं अनवाणी मोटरसायकल चालवतात. कॉलेजातही दोघंतिघं असतातच, आणि त्यांच्या पायांवर पाय पडू नये म्हणून आपण जरा जपून चालतो.

फक्त एक गोष्ट होती. बाबांना साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, चहा बिनसाखरेचा झाला होता. साखर आणि पाय यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मला ते कळलं शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला. पावसाळ्याचे दिवस होते. कॉलेजच्या हॉलमध्ये मधुमेहाचं तपासणी शिबिर होतं आणि रांग लावायचं काम आम्हा मुलांकडे होतं. एका टेबलावर एक डॉक्टर बाई लोकांना डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवत होत्या. धागा जरासा वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, कळलं का? बहुतेक लोक लगेच "हो" म्हणत. एक शिपाई काका मात्र डोळे मिटून शांत बसून होते. बाईंनी धागा चार ठिकाणी टेकवला, तरी काका वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, सुरू करा ना."

आजूबाजूची पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. नंतर रांग ओसरल्यावर मी त्यांना घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी सांगितलं की जुन्या साखरेने पायाच्या नसा मरत जातात. मग खिळा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. "घरी कोणाला आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बाबांना. मग त्या जे सांगत गेल्या ते मी मनात घोकत घरी आलो. पाय रोज धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं सरळ कापायची, तळवा रोज बघायचा, पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत आणि अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही.

माझा एक मित्र मानखुर्दहून येतो. तो तेव्हा म्हणाला, "काय रे, सीए व्हायचं सोडून तू आता लोकांचे पाय धरणार का?"

"तुझे नाही धरणार, टेन्शन घेऊ नकोस."

"माझे धरूच नको यार, मेलास तर केस माझ्यावर येईल." त्याचे बूट पावसात भिजून असे वास मारत होते की आम्ही त्याला वर्गात खिडकीशी बसवायचो.

बाबांचेही बूट भिजायचे. वॉचमनचे बूट रेक्झिनचे, आत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाटच नाही. दर पावसाळ्यात त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून सोलून निघायची. आई तिथे हळद-तेल भरायची. मी सांगितलं, तेल नको, तिथे कोरडं हवं. आई म्हणाली, "तुझ्या आजयेन पण तेलच लायल्यान." मी वर्तमानपत्राचे बोळे करून बुटांत कोंबायला लागलो आणि रात्रभर बूट पंख्याखाली ठेवायला लागलो. त्या पावसाळ्यात चिखल्या कमी झाल्या. मला वाटलं, जमतंय.

मग एका रविवारी मी केरसुणीचा एक बारीक हीर घेतला आणि बाबांना म्हणालो, "डोळे मिटा."

"कित्याक?"

"मिटा ना."

ते पलंगावर पाय लांब करून बसले आणि डोळे मिटले. आई तांदूळ निवडत बघत होती. मी उजव्या पायाच्या अंगठ्याखाली हिराचं टोक टेकवलं, वाकेपर्यंत दाबलं. काही नाही. चवड्यावर दाबलं. टाचेवर दाबलं.

"लाव मरे लवकर," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "माका ड्युटीक जावचा आसा."

आईने तांदळातून हात काढला. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

मी बाबांना सगळं सांगितलं. शिबिर, धागा, नसा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले. असं समाधानाने हसले की मला आधी कळेचना.

"पयल्या वर्सा चालताना पाय भाजले होते माझे," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्सा कमी भाजले. आता कायच लागना नाय. देवीन पदरात घेतल्यान, दुसरा काय?"

त्या अडाणी माणसाला कळत नव्हतं आणि मला कळत होतं, असं ते नव्हतं. मला जी मेलेली नस वाटत होती ती त्यांना कृपा वाटत होती, आणि दोन्हींचा पुरावा एकच होता, की दुखत नाही. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकलं. शेवटी म्हणाले, "पाय माझो, देवी माझी. तुझा काय जाता?"

"माझ्यासाठीच बोललात ना तुम्ही देवीला? मग मी सांगतो, नको."

"तुझ्यासाठी बोललंय, पण तुझ्याकडे नाय बोललंय."

आईने मध्ये पडावं असं मला वाटत होतं. ती तांदूळ निवडत राहिली. नंतर मोरीत भांडी घासताना मला हळूच म्हणाली, "बोललेला फिरवूक जमत नाय रे. फिरवला आणि तुझा काय वायट झाला तर ह्येंका आयुष्यभर लागात." तिला वाईट वाटत होतं, पण तिला भीती माझ्यासाठी वाटत होती. पायासाठी नाही.

त्या वर्षी नवरात्र आलं तेव्हा ऑक्टोबरचं ऊन तापलेलं होतं. पाऊस थांबलेला, आभाळ कोरडं, डांबर मऊ. मी एक मधला मार्ग काढला. बाबांना म्हणालो, "मोजे चालतील का? मोजे म्हणजे काही पायताण नाही." बाबांनी विचार केला. देवळातल्या पुजाऱ्याला विचारून आले. पुजारी म्हणाला, कापड चालेल, चामडं नको. मला इतका आनंद झाला की मी जाऊन जाड सुती मोजे घेऊन आलो.

दुसऱ्याच दिवशी बाबा मोजे खिशात घालून घरी आले. त्यांच्या सिक्युरिटी एजन्सीचे सुपरवायझर गेटवर येऊन सगळ्यांदेखत बोलले होते, "ओ काका, एकतर बूट घाला नाहीतर अनवाणी राहा. अनवाणी म्हणजे श्रद्धा आहे, मेंबर लोक मान देतात. हे मोज्यांवर काय? हॉस्पिटल आहे का हे?" सोसायटीतली लहान मुलंही हसली होती म्हणे. बाबा ते सांगताना स्वतःही हसत होते. मोजे मात्र पुन्हा घातले नाहीत.

मग मी एक दिवस दुपारचा तास बुडवून गेटवर गेलो. जेवणाची वेळ होऊन गेली होती, रस्ता रिकामा होता. गेटच्या तोंडाशी गटारावर एक लोखंडी झाकण टाकलेलं आहे, जाड पत्र्याचं, वर नक्षी उठवलेली. तिथे उभं राहिलं की रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून बाबा तिथेच उभे राहतात. सकाळपासून ऊन त्या झाकणावर पडत होतं. बाबा त्याच्यावर अनवाणी उभे होते, डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा गणवेश, हात पाठीमागे.

मी वाकून झाकणाला तळहात लावला आणि चटकन काढून घेतला.

"बाबा, बाजूला व्हा."

"काय झाला?"

"तापलंय ते. भाजतंय."

"माका काय वाटना नाय."

"म्हणूनच सांगतोय!" मी ओरडलोच असणार, कारण केबिनमधल्या दुसऱ्या वॉचमनने मान बाहेर काढली. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून झाकणावर ओतली. पाणी पसरलं, त्याच्या कडा बघता बघता आत आल्या आणि झाकण पुन्हा कोरडं झालं. बाबांनी माझ्या समाधानासाठी एक पाऊल बाजूला टाकलं, गेटच्या सावलीत. तेवढ्यात एक गाडी आली. ते पुन्हा झाकणावर गेले, सलाम केला, गाडी आत सोडली आणि तिथेच उभे राहिले. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा बाजूला झाले. पुन्हा गाडी आली. मी पानाच्या टपरीवरून पाण्याची आणखी एक बाटली आणून ओतली. किती वेळ ओतत राहणार होतो? दुसरा वॉचमन म्हणाला, "जा रे बाळा, कॉलेजला जा. मी बघतो त्यांच्याकडे." मी गेलो.

दसऱ्याला बाबांनी देवीला साडी-चोळी वाहिली आणि पुन्हा चप्पल घातली. मी त्यांचे तळवे रोज बघायला सुरुवात केली होती, पण दसऱ्याच्या आसपास माझ्या क्लासटेस्ट होत्या आणि ते झोपल्यावर मी यायचो. जखम सापडली ती आईला. ती सकाळी लादी पुसत होती. पुसलेली लादी वाळली आणि बाबा मोरीतून पलंगाकडे गेले, तर त्यांच्या मागे प्रत्येक दुसऱ्या पावलाला एक छोटा ओला ठसा उमटत गेला. पाय कोरडे पुसलेले होते. ठसा फक्त उजव्या अंगठ्याखालचा. आईने बोट लावून वास घेतला.

"अवो, थांबा. पाय दाखवा."

अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटला होता आणि त्याखाली खड्डा झाला होता. बाबा पाय उलटा करून बघत होते, दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसे.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, "काका, हे कधी झालं?"

"दुखला नाय," बाबा म्हणाले.

"दुखलं का विचारलं नाही मी. कधी झालं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला झाकण आठवत होतं. मी सांगितलं. बाई कात्रीने मेलेली कातडी कापत राहिल्या. कापताना बाबा दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर वाचत होते.

दिवाळी ड्रेसिंगमध्ये गेली. एक दिवसाआड दवाखाना, घरी पाय उशीवर, साखरेची नवी औषधं. बाबांना सुट्टी मिळाली पण बसणं जमेना. "बसान बसान माझी कंबर मोडली," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "मला बसून कमवायला सांगता आणि तुम्हाला चार दिवस बसवत नाही." त्यावर ते खरंच हसायचे. ते दिवस तसे बरे होते. मी ड्रेसिंग करायला शिकलो. घोट्याच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली की नाडी लागते, हेही शिकलो. ती हलकी टकटक लागली की मला हायसं वाटायचं. बाबा विचारायचे, "चालू आसा मा?" मी म्हणायचो, "चालू आहे." घड्याळ असल्यासारखं.

थंडीत खड्डा भरत आला. डिसेंबर-जानेवारीत टाचांना भेगा पडतात म्हणून आई दरवर्षी गावाहून आलेलं कोकमाचं तेल लावते. पांढरट घट्ट गोळा असतो, चुलीवर नाहीतर गॅसवर पातळ करून लावायचा. या वर्षी आईने तो आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघितला, मग बाबांच्या टाचेला. भेगांत लावला, बेचक्यांत नाही. मी काही न सांगता. तिने मला ते दाखवण्यासाठी केलं नव्हतं, पण मी पाहिलं आणि अभ्यासात डोकं घातलं, कारण मला रडू येत होतं. जखमेवर वरून गुलाबी कातडी आली. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "छान. पण बूट बदला. पुढे मऊ, रुंद, आत हवा खेळती. आणि उभं राहणं कमी." बाबांनी मान हलवली. मीही हलवली.

बूट आम्ही बदलले. उभं राहणं कसं बदलणार? मी सुपरवायझरना भेटायला गेलो. वाक्यं पाठ करून गेलो होतो, अर्धी विसरलो. म्हणालो, सर, यांना केबिनमध्ये बसायची परवानगी मिळेल का, डॉक्टरांनी सांगितलंय. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मी देईन रे. पण कमिटीतलं कोणी कॅमेऱ्यात बघितलं की वॉचमन बसलाय, तर एजन्सीच बदलतात. मग बसूनच राहतील बाबा तुझे, घरी." मग मला चहा पाजला. चहा पिऊन मी घरी आलो.

मार्चमध्ये ऊन पुन्हा चढलं. घोटे पुन्हा सुजायला लागले, पायाचं माप संध्याकाळी वाढायचं आणि नवा बूटही घट्ट व्हायचा. मी रोज तळवा बघत होतो. गुलाबी कातडी होती तशीच होती. मग एक दिवस अंगठा जरा फुगलेला वाटला, लाल, गरम. मी आतल्या बाजूला बोटं ठेवली. नाडी होती. दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक्स-रे झाला. तरुण डॉक्टर होते, माझ्याहून फार मोठे नसतील. त्यांनी फिल्म उजेडावर धरून मला दाखवली, कारण बाबा म्हणाले होते, "ह्येका दाखवा, हो शिकलोलो आसा." मला त्यात काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, कातडी वरून भरली पण आत हाडाला लागण झालीय. अंगठा काढावा लागेल. लागण किती पसरलीय ते आत उघडल्यावरच कळेल. कदाचित चवडा. कदाचित वर.

"वर म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी हात स्वतःच्या नडगीवर ठेवला आणि लगेच काढला.

घरी येताना रिक्षात मी रागाने म्हणालो, "मी कॉलेजच सोडलं असतं तर? मग तुमचं बोलणं संपलं असतं."

बाबांनी बाहेर बघत उत्तर दिलं. "मगे पाय पण गेलो असतो आणि कॉलेज पण." रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाले, "एवढा सगळा चललंय ता तू मधीच उतरूचा म्हणान नाय."

ऑपरेशनची तारीख मिळाली ती माझ्या शेवटच्या पेपरच्याच दिवशी. मी हॉस्पिटलात थांबणार म्हणून हट्ट धरला. पेपर पुढच्या वेळी देता येतो. बाबा वॉर्डातल्या पलंगावर हिरवा गाऊन घालून बसले होते, उजवा पाय उघडा, त्यावर डॉक्टरांनी निळ्या पेनाने एक रेघ काढलेली. घोट्याच्या बरीच खाली होती ती रेघ. मी ती सारखी बघत होतो, की ती सरकत तर नाही ना.

"तू आत येवन पाय धरून ठेवतलंस काय?" बाबा म्हणाले. "जा. पेपर दी. तुझो पेपर संपलो काय माझो नवस संपलो. मधी सोडलंस तर माका परत चलाक लावशीत."

आईने माझ्या हातात डबा दिला आणि केसांवरून हात फिरवला. मी निघालो तेव्हा बाबा हाक मारून म्हणाले, "बूट नीट घाल रे. टाच दुमडून चलतंस." मी वाकून टाच सरळ केली.

पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. फोन पिशवीत, पिशव्या वर्गाबाहेर भिंतीशी. वर्गावरच्या सुपरवायझर मॅडमना मी आधीच विचारलं होतं, फोन टेबलावर ठेवू का, त्या म्हणाल्या, "नियम आहे रे, काय करू." त्याही वाईट नव्हत्या. बाकाखाली माझे दोन्ही पाय एकमेकांवर ठेवलेले होते. मी मधूनमधून बुटात अंगठा हलवून बघत होतो. मी पूर्ण पेपरभर बाकावर बसून होतो, आणि बाबांना हेच हवं होतं, असं एकदा मनात आलं.

घंटा झाली. बाहेर मुलं ओरडत होती, रंग उडवत होती, शेवटचा पेपर म्हणून एकमेकांच्या शर्टावर सह्या करत होती. मानखुर्दचा मित्र पेन घेऊन माझ्याकडे आला, माझं तोंड बघितलं आणि पेन खिशात ठेवून माझी पिशवी शोधून आणून दिली. "लाव आधी," तो म्हणाला. मी फोन चालू केला. चालू व्हायला त्याला वेळ लागला. आईचे मिस्ड कॉल होते. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि लावला. मित्र शेजारी उभा राहिला.

आईने एका रिंगमध्येच उचलला. मागे वॉर्डातला आवाज होता, कोणाची तरी ट्रॉली जात होती. मी "आई" म्हणालो.

"अंगठो गेलो," आई म्हणाली. "पाय रवलो."

"पाय राहिला," मी मित्राला म्हणालो. मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शुद्धीर इलेत. तुझो पेपर कसो गेलो इचारतत." श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "आणि ऐक. तू काय बोलू नको आता. ह्येंका आत नेल्यानी तेव्हा मी देवीक बोलान बसलंय. येतल्या नवरात्राक मी अनवाणी."